इंद्रावणाची पूड आणि ‘९२ टक्के’

रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर आठवड्यात चौथ्यांदा तोच मेसेज आलाय: ‘राजस्थानच्या वाळवंटातल्या कडू इंद्रावणात ४० औषधी रसायनं सापडली! अँटिऑक्सिडंट ताकद ९२ टक्के! अनशापोटी रोज चमचाभर पूड घ्या, साखर मुळासकट जाईल.’ परवा तात्यांनी या कडू रानफळाची पुडी विकतसुद्धा आणली, म्हणून लिहितोय.

९२ टक्के कशाचे? डीपीपीएच नावाच्या जांभळ्या द्रावणाचा रंग किती उतरला, त्याचे. एमएस्सीला असताना कंटाळा येईस्तोवर केलाय हा प्रयोग. द्रावणात अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवायचं, ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. अर्कात अँटिऑक्सिडंट असले की जांभळ्याचं पिवळं होतं, म्हणजे पास. एकदा गंमत म्हणून कॅन्टीनच्या कोऱ्या चहाचे चार थेंब टाकले, तर डोळ्यांदेखत पिवळं! आपल्या गुळाचं पाणीही रंग उतरवतं. गूळ खाऊन कुणाची साखर गेलीय काय? शिवाय अर्क वाढवला की टक्काही वाढतो. म्हणून निम्मा रंग उतरवायला किती अर्क लागला, तो आकडा बघायचा असतो. जितका कमी तितका अर्क जोरकस. मेसेजवाल्यानं नेमका तोच गाळलाय. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तर पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा आपला तक्ता २०१२ मध्ये काढूनच टाकला. परीक्षानळीतला आकडा शरीरात काय होईल ते सांगत नाही, आणि विकणारे मात्र तोच नाचवत होते.

आता ‘४० रसायनं’. जीसी-एमएस यंत्र वाफ होणारी रसायनं सुटी करतं आणि साठवलेल्या नोंदींशी ताडून नावं सुचवतं. कोथिंबिरीची जुडी दिलीत तरी लांबलचक यादी मिळेल. गंमत म्हणजे इंद्रावणाला कडू करणारी कुकुरबिटासिनं जड असतात, सहजी वाफ होत नाहीत, त्यामुळे अशा यादीत ती सहसा दिसतच नाहीत.

आणि खरा धोका त्यांचाच. आयुर्वेदात इंद्रवारुणी, म्हणजे हेच इंद्रावण, रेचक म्हणून येते, ते उगीच नाही. मात्रा चुकली की आतडं सोलवटतं, रक्ताचे जुलाब होतात. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एक शास्त्रज्ञ दगावले, त्यातही हीच कुकुरबिटासिनं.

साखरेचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हे कबूल. इराणमध्ये मधुमेहींवर एक छोटी चाचणी झाली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम इंद्रावण, दोन महिने, आणि साखर थोडी उतरली. थोडी. मुळासकट नव्हे. चमचाभर पूड म्हणजे दोन-तीन ग्रॅम, त्या मात्रेच्या सात ते दहापट.

तात्यांची पुडी उलटसुलट करून बघितली. घटक नाहीत, मात्रा नाही, तारीख नाही. उंटाचं चित्र तेवढं झकास आहे.