नॉर्मन जमीनदारांनी पाहणीआधी घ्यायची काळजी

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडात आलात, दोन-चार गावं पदरात पाडून घेतलीत, इथवर छान झालं. पण 1085 च्या नाताळात महाराजांनी ग्लॉस्टरला दरबार भरवला आणि साऱ्या मुलखाची पाहणी करायची ठरवली, तीच जिच्या वहीला पुढं 'डूम्सडे बुक' म्हणू लागले. डेन्मार्कचा राजा चालून येणार या धास्तीनं भाडोत्री फौज पोसावी लागली होती. तिजोरीला तुमची आठवण येणारच.

पहिलं काम, एक इंग्रज शोधा. मेलेला असला तरी चालेल, किंबहुना बराच. एडवर्ड राजाच्या वेळी, म्हणजे तुम्ही येण्याआधी, जमीन कोणाकडे होती हे सांगावंच लागतं, आणि त्या माणसाच्या जागी राजानं तुम्हाला बसवलं हाच तुमचा हक्क. ज्याला देशोधडीला लावलंत त्याचं नाव तोंडपाठ करा; तुमचा सातबारा त्याच्याच जिवावर आहे. एडवर्डनंतर गादीवर आलेल्या आणि विल्यमनं हरवलेल्या हॅरल्डला मात्र चुकूनही राजा म्हणू नका. नऊ महिने गादीवर बसला, तरी दप्तरात तो नुसता अर्ल, म्हणजे सरदार.

मग साक्षीदार. प्रत्येक गावातून पाद्री, मुकादम आणि सहा कुळं शपथेवर बोलणार. कुळांना कमी लेखू नका. हॅम्पशायरात चारफर्डच्या जमिनीवर विल्यम द शेर्ने यानं दावा लावला आणि परगण्यातले प्रतिष्ठित म्हातारे उभे केले. समोरच्या पिकोनं कुळं आणि मुकादम आणले. ते शपथ घ्यायला, नाहीतर दिव्य करायलाही तयार! प्रतिष्ठितांपैकी कोणी दिव्याची भाषा केल्याची नोंद नाही.

नांगर मोजताना एका नांगराला आठ बैल धरा. किंमत सांगताना जपा, कारण शेवटचा प्रश्न असतो, 'याहून जास्त निघेल का?' यॉर्कशायरात गाव असेल तर 'ओसाड' सांगून मोकळे व्हा. 1069-70 च्या हिवाळ्यात ते राजाच्याच फौजेनं जाळलंय, तेव्हा का ओसाड हे कोणी खोदून विचारणार नाही. इतरत्र हे सांगण्याआधी विचार करा. पहिल्या अधिकाऱ्याला पटवलंत, तरी मागून त्या भागात अनोळखी असलेलं दुसरं पथक पडताळणीला येतं.

डुकरं लपवायची की नाही? एसेक्स, नॉरफोक, सफोक इथं लपवू नका, ती मोजून वहीत राहतात. बाकी ठिकाणी पक्की वही लिहिणाऱ्यानं जनावरं गाळून टाकली. पण पाहणीच्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक नसणार, म्हणून मोजाच.