सहायकाचा पगार झाकलेला का?

मंत्र्यांच्या स्वीय सहायकांवरून फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रात जो वाद झाला, तो मी कॅलिफोर्नियात बसून बारकाईने वाचला. दलालीचा संशय असलेली नावे मंजूर करणार नाही, अशी भूमिका मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी घेतली आणि चर्चा ‘कोण कोणाचा माणूस’ एवढ्याभोवतीच फिरली. साहेबांच्या भेटी, फायली आणि गुपिते सांभाळणाऱ्याला पगार किती मिळतो आणि तो कशावर ठरतो, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

गंमत म्हणजे सरकारी भरतीत हे सारे उघड असते. लघुटंकलेखकाला लघुलेखनाचा वेग मिनिटाला ८० शब्द आणि महिना २५,५०० रुपयांपासूनची वेतनश्रेणी, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० शब्द आणि ३८,६००, उच्चश्रेणीला १२० शब्द आणि ४१,८००, भत्ते वेगळे. वेगाची ही कसोटी आजच्या कामाला पुरेशी आहे असे मला वाटत नाही, पण निदान उमेदवाराला अर्ज भरण्याआधी आकडा ठाऊक असतो. पुण्या-मुंबईच्या खाजगी कंपन्या मात्र बहुधा जाहिरातीत आकडा देत नाहीत आणि मुलाखतीत ‘सध्याचा सीटीसी (म्हणजे वर्षाचे एकूण वेतन) किती?’ असे विचारतात. त्यामुळे जिने पहिली नोकरी गरजेपोटी कमी पगारावर धरली, तिची पुढच्या प्रत्येक नोकरीत तो जुना आकडा पाठ सोडत नाही.

कॅलिफोर्नियात हा प्रश्न विचारायला २०१८ पासून मनाई आहे आणि १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला २०२३ पासून जाहिरातीत वेतनाची किमान-कमाल मर्यादा द्यावी लागते. कंपन्या ती हवी तेवढी ऐसपैस देतात, हेही खरे. पगार शेवटी कोणाच्या केबिनबाहेर बसता यावर फार अवलंबून असतो: मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीनुसार अमेरिकेत सर्व सचिव व सहायकांचे मध्यक (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना कमी मिळते ते) वार्षिक वेतन ४७,४६० डॉलर होते, तर उच्चाधिकाऱ्यांच्या सहायकांचे ७४,२६०. बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले, घरभाडे पाहता या आकड्यांचा रुपयांत गुणाकार करून हेवा करण्यात अर्थ नाही.

मला हेवा वाटतो तो तासांच्या हिशेबाचा. उन्हाळ्यात आमची सकाळी आठची बैठक पुण्यात रात्री साडेआठला सुरू होते. ऐन वेळी ती पुढे सरकली, तर तिथली सहायक सगळ्यांना नवी वेळ कळवून, खोली पुन्हा राखून, मगच घरी जायला निघते. इथे ताशी वेतनावरच्या सहायकाला दिवसाच्या आठ तासांपुढे दीडपट दर मिळतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात तर दुप्पट दर आहे, पण त्याच कायद्याने गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय स्वरूपाची पदे त्यातून वगळली आहेत. म्हणजे जिच्यावर विश्वास टाकला, तिचाच जादा तासांवरचा हक्क धोक्यात येतो, हे मला उफराटे वाटते.

इथली पद्धत जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. इथे मालक कोणालाही, जवळपास कोणत्याही दिवशी, घरी पाठवू शकतो. मात्र वगळलेल्या पदांची यादी कंपनीने संकेतस्थळावर लावावी, अशी अट महाराष्ट्राच्या त्या कायद्यात आधीच आहे. कामगार विभागाने त्या याद्या मागवून त्यांत किती सहायक आहेत ते मोजावे, आणि निर्णयाचे अधिकार नसलेल्यांची नावे त्यांतून काढायला लावावीत.