चित्त्यासाठी ड्रायव्हरला घाई करू नका

जुलै उजाडला की फेसबुकवर मसाई माराचे फोटो यायला लागतात. आपली कितीतरी मराठी कुटुंबं हल्ली केनियाला जातात, आणि जावंच. ज्यांना परवडतं त्यांनी तो गवताचा समुद्र आयुष्यात एकदा तरी बघावा. पण निघण्याआधी माझं एक ऐका. विषय चित्त्याचा आहे.

मारात चित्ता दिसला की काय होतं, ते मी पाहिलंय. मादी वारुळावर बसलेली, पिल्लं तिच्या आगेमागे. एका ड्रायव्हरने रेडिओवर निरोप दिला आणि बघता बघता चारही बाजूंनी लँड क्रूझर येऊन थांबल्या. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या, पंचवीस मीटरचं अंतर, रस्ता सोडून गवतात गाडी घालायची नाही, हे तिथले नियम. ड्रायव्हरना ते पाठ असतात. पण मागून 'क्लोजर, क्लोजर' चालू असतं, आणि त्यांची टिप आपल्या हातात असते. ते बिचारे गाडी पुढे घेतात. रेंजरने पकडलं तर दंड त्यांनाच. आपल्यातल्याच माणसांना असं ओरडताना ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.

सिंह, बिबटे बरीचशी शिकार रात्री करतात. चित्ता मुख्यतः दिवसा करतो, म्हणजे नेमक्या आपल्या सफारीच्या वेळात. अंगाने हलका, मारामारी टाळणारा प्राणी. तरस आलं की स्वतःची शिकार सोडून निघून जातो. पिल्लं असलेल्या आईला तर जवळजवळ रोज शिकार लागते. अशा वेळी भोवती गाड्यांचं कडं पडलं तर ती गॅझेल जातीच्या हरणामागे दबा धरून जाणार कुठून?

मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पर्यटक कमी असलेल्या भागात एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत जगली. गर्दीच्या भागात ०.२. म्हणजे पाच वेतांमागे एक पिल्लू! गाड्यांनी थेट पिल्लं मारल्याचा पुरावा संशोधकांना मिळाला नाही. आईचं वागणं बदलतं, असा त्यांचा कयास आहे.

आपल्या देशातला चित्ता आपण संपवलाय. १९५२ साली तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये कूनोसाठी आफ्रिकेकडूनच चित्ते आणावे लागले. त्यामुळे माराच्या पिल्लांची काळजी आपल्याला इतरांपेक्षा जास्त वाटायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मग करायचं काय? गाडीत बसल्यावर पहिल्याच दिवशी ड्रायव्हरना सांगा: 'गर्दी असेल तिथे आम्हाला नेऊ नका, टिप तेवढीच मिळेल.' त्यांचा चेहरा खुलतो. आणि टूरवाल्यांना विचारा की मुक्काम माराच्या मुख्य रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव अभयारण्यात आहे, की शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे खासगी राखीव जमिनीवर. नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ ही त्यांतली काही नावं. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. कॅम्पवाले ती भाड्याने घेतात आणि भाडं त्या कुटुंबांना मिळतं. तंबू मोजके, गाड्या मोजक्या. शिवाय मुख्य रिझर्व्हमध्ये न मिळणारी रात्रीची सफारी आणि पायी फिरणं तिथे मिळतं.

हो, महाग पडतं. पण सगळ्यांनी जुलै-ऑगस्टलाच जायची गरज नाही. वाइल्डबीस्टचे (गवत खाणाऱ्या, गाईसारख्या दिसणाऱ्या प्राण्यांचे) मोठे कळप नदी ओलांडताना बघायचे असतील तरच तो हंगाम. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते तिथे बारा महिने असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस कमी, गाड्या कमी. रिझर्व्हचं प्रवेश शुल्कही २०२४ पासून परदेशी प्रौढ माणसाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालंय. चार प्रौढांचे दिवसाला ४०० डॉलर वाचतात, ते कॉन्झर्व्हन्सीतल्या मुक्कामाकडे वळवता येतात.