हयात असल्याचा पुरावा

नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला देऊन आपण अजून आहोत हे सरकारला कळवावं लागतं. केंद्र सरकारच्या ऐंशी ओलांडलेल्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा असते. त्या वयात महिनाभर थांबायला लावणं बरं नाही, हे वर कुणाच्या तरी लक्षात आलं असावं.

२०१४ साली ‘जीवन प्रमाण’ म्हणजे आधारवर चालणारा हयातीचा डिजिटल दाखला आला आणि आमचं जिवंत असणं अंगठ्यावर येऊन ठेपलं. वय वाढतं तशी कातडी कोरडी पडते, रेषा झिजतात, आणि यंत्र ओळख दाखवत नाही. अशा वेळी बोट दाबून धरल्याने काही होत नाही, ठसा आणखी पसरतो. हात धुऊन नीट पुसावेत आणि दुसरं बोट द्यावं. आधारला दहाही बोटांची नोंद असते. मुलाने सुरक्षेसाठी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल, तर मात्र विसाव्या बोटानेही काम होणार नाही. आधी लॉक उघडा.

२०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही चालतं. त्यासाठी दोन ॲप लागतात. पैकी ‘आधार फेसआरडी’ उतरवल्यावर स्क्रीनवर दिसतच नाही. गेलं कुठे म्हणून लोक ते पुन्हा पुन्हा शोधतात. ते पडद्यामागेच काम करतं. दुसऱ्या, म्हणजे ‘जीवन प्रमाण’च्या ॲपमध्ये आधी ‘ऑपरेटर’ म्हणून चेहरा द्यायचा, मग पेन्शनर म्हणून. घरी एकटे असाल तर दोन्ही तुम्हीच. आयुष्यभर कारकुनाच्या खिडकीसमोर उभं राहिल्यावर खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभं राहण्याचा हा मान! उजेड तोंडावर हवा, पाठीमागे नको. चष्मा काढला की चेहरा ओळखू येतो, पण सूचना दिसत नाहीत. डोळे मिचकावायला सांगतात, आणि आम्ही नेमके टक लावून बसतो.

खरी ग्यानबाची मेख पुढच्या पानावर आहे. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) नंबर, खातं नंबर आणि पेन्शन मंजूर करणारं व वाटणारं कार्यालय. यादीतून चुकीचं कार्यालय निवडलं की आपण जिवंत ठरतो, पण भलत्याच ऑफिसात. म्हणून पीपीओची प्रत समोर ठेवल्याशिवाय या पानाला हात लावू नये. शिवाय पुनर्विवाह, पुनर्नोकरी असे हो-नाही प्रश्न असतात. तिथे थरथरत्या बोटाने ‘हो’ दाबलं गेलं, तर घरात खुलासे करत बसावं लागेल.

मोबाइलवर प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक आला म्हणजे दाखला तयार झाला, मंजूर नव्हे. तपशील जुळला नाही तर तो नाकारला जातो, आणि आधीचा दुरुस्त होत नाही, नवाच काढावा लागतो. म्हणून काही दिवसांनी ‘जीवन प्रमाण’च्या वेबसाइटवर स्थिती पाहावी. दाखल्याअभावी थांबलेलं पेन्शन उशिरा दाखला दिल्यावर थकबाकीसह मिळतं; वीजबिल तोवर थांबत नाही.

हे सगळं नको असेल तर पोस्टमन शुल्क घेऊन घरी येतो. अंगठा किंवा चेहरा मात्र त्यालाही लागतो. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून पेन्शन घेणाऱ्यांना, नोव्हेंबरची सक्ती नाही. त्यांनी वर्षात कधीही दाखला द्यावा, तो पुढे बारा महिने चालतो.