बेसच्या पेट्या आडव्या लावल्या की आवाज रुंद पसरतो? खुलासा

नाशिकच्या साउंडवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बेस (खोल, जाड आवाजाच्या स्पीकर पेट्या) उभा रचला तर लांब जातो, आडवी रांग लावली तर रुंद पसरतो.’ यातला रांगेचा भाग तर सरळसरळ उलटा आहे.

60 हर्ट्झच्या, म्हणजे बेसच्या खोल आवाजाच्या, लहरीची लांबी साधारण 5.7 मीटर. मीटरभर रुंदीच्या आठ पेट्या डोंगरे वसतिगृह मैदानावर ओळीने चिकटून मांडल्या, तर 8 मीटरची रांग होते. समोर सगळ्यांचा आवाज एकत्र पोचतो आणि धमाका होतो. पण रांगेच्या मधोमध समोरच्या रेषेपासून 45 अंश बाजूला गेलात, की एका टोकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा 5.7 मीटर, म्हणजे एक पूर्ण लहर मागे पडतो; रांगेच्या एका अर्ध्याची लहर वर असते तेव्हा दुसऱ्या अर्ध्याची खाली असते, पेट्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि तिथे 60 हर्ट्झ जवळपास गायब होतो. कडेला बसलेल्यांनी पैसे काय कमी दिलेत?

त्याच आठ पेट्या चार-चार करून दोन थरांत रचा. रांग 4 मीटरची उरते आणि तो खड्डा निघून जातो. लांब रांगच हवी असेल, तर कडेच्या पेट्यांना प्रोसेसरमधून (साउंड नियंत्रित करणाऱ्या यंत्रातून) थोडा डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा.

स्टेजच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या पेट्या ठेवणं त्याहून वाईट, कारण मध्यभागी बेसचा पट्टा आणि शेजारी पोकळी, असं सगळं मैदान फाटतं.

उभ्या रचनेने आवाज ‘फेकला’ जातो हेही अर्धसत्यच. दोन-तीन पेट्यांची उंची या लहरीपुढे फारच तोकडी पडते. जोर येतो तो पेट्या जवळ असल्याने आणि जमिनीच्या आधाराने.