फिरोजशहा मेहतांना मुंबईकरांनी पाडले नव्हते

महापालिका निवडणुकीची चर्चा सुरू झाली की एक संदेश दरवेळी नव्याने फिरू लागतो. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माझ्या आत्याने तो आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटात विश्वासाने पुढे पाठवला, आणि त्यातल्या दोघांनी तो खरा समजून आपापल्या सोसायटीत वाटला, तेव्हा मात्र गप्प बसणे मला जमले नाही. संदेशाचा मजकूर थोडक्यात असा आहे: मुंबईत १८७२ पासून सर्व नागरिकांना मताचा हक्क होता, १९०७ साली मुंबईच्या जनतेने फिरोजशहा मेहतांसारख्या बलाढ्य मवाळ पुढाऱ्याला एका मताने पाडले, म्हणून प्रत्येक मताची किंमत ओळखा, त्या पराभवामागे टिळकांचे जहाल अनुयायी होते, त्या पराभवानंतर मेहता शहराच्या कारभारातून कायमचे बाजूला झाले, आणि शेवटी, त्या काळी फक्त सुशिक्षित करदाते मत देत असल्यामुळे महापालिका आदर्श होती, पुढे सरसकट मताधिकार आला आणि शहराची वाट लागली. यातले पहिले आणि शेवटचे विधान एकमेकांना खोटे पाडतात, हे पुढे पाठवणाऱ्या कोणाच्याही लक्षात आलेले दिसत नाही.

सगळ्या गोंधळाचे मूळ एकाच गोष्टीत आहे. १९०७ साली मेहता ज्या मतदारसंघातून उभे होते तो मुंबईतला कोणताही वॉर्ड नव्हता. तो जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांचा मतदारसंघ होता आणि आज तो अस्तित्वात नाही. हे तपासायला कोणत्याही दुर्मीळ दप्तराची गरज नाही. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा, जो असंख्य दुरुस्त्यांसह आजही लागू आहे, त्याच्या मूळ रूपातील महापालिकेच्या रचनेचे कलम वाचले तरी पुरे. त्यानुसार सभासद ७२ होते. त्यांपैकी ३६ वॉर्डांतून, १६ जस्टिसांकडून, २ विद्यापीठाच्या फेलोंकडून आणि २ चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून निवडले जात, आणि उरलेले १६ सरकार नेमत असे. म्हणजे वॉर्डांतल्या मतदारांच्या वाट्याला सभागृहाचा नेमका अर्धा भाग येत होता, आणि तो अर्धा भागही कर भरणाऱ्या थोड्यांच्या हाती होता.

हे जस्टिस कोण होते, तेही सांगणे आवश्यक आहे, कारण संदेशाच्या एका आवृत्तीत त्यांना चक्क न्यायाधीश म्हटले आहे. सरकारने नेमलेली ही मंडळी होती: युरोपीय अधिकारी आणि व्यापारी, पारशी, हिंदू आणि मुसलमान धनिक, काही वकील आणि डॉक्टर. १८६५ च्या कायद्याने तर सगळी महापालिका म्हणजेच हे जस्टिस अशी रचना होती आणि कारभार आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरांच्या हाती जवळजवळ एकवटला होता. खर्च हाताबाहेर गेला, करदाते चिडले, आणि १८७१ च्या आंदोलनातून १८७२ चा कायदा आला. त्याने ६४ सभासदांची महापालिका निर्माण केली, त्यांपैकी ३२ करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडायचे आणि १६ सरकारने नेमायचे असे ठरवले. जुन्या सत्ताधाऱ्यांना पुरते बाहेर न काढता त्यांना एक राखीव मतदारसंघ देऊन आत ठेवण्याची ही तडजोड होती. १८८८ मध्ये सभागृह वाढले, तरी जस्टिसांच्या सोळा जागा तशाच राहिल्या.

आता १९०७ ची निवडणूक. होमी मोदी यांनी लिहिलेल्या आणि १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या मेहतांच्या चरित्रात या प्रकरणाची हकीकत आली आहे. ते चरित्र मेहतांच्या बाजूने लिहिलेले आहे हे मान्य, परंतु कोण उभे होते आणि मतदार कोण होते याबद्दल त्यात आडपडदा नाही. अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस कमिशनर गेल, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर आदी मंडळींनी मेहतांचे महापालिकेतील वर्चस्व मोडण्यासाठी एक गट बांधला, जो पुढे ‘कॉकस’ या नावाने ओळखला गेला. या गटाने जस्टिसांच्या सोळा जागांसाठी आपली यादी तयार केली आणि तिच्यामागे मते एकवटली. मतदार मुळातच सरकारने नेमलेले, त्यांत अधिकारी आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीची गरज असणारे लोक बरेच, आणि प्रचारात सरकारी खात्यांचे वरिष्ठ पुढे. अशा मतदारसंघात निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती. सोळा जागा होत्या आणि मेहता सतरावे आले. जागा एका क्रमांकाने हुकली. संदेशात ती एका मताने हुकली आहे. पुढे निवडून आलेल्यांपैकी सुलेमान अब्दुल वाहेद यांची निवड रद्द ठरली आणि मेहतांना ती जागा मिळाली, ही गोष्ट तर संदेशात औषधालाही नाही.

‘मुंबईच्या जनतेने पाडले’ हे विधान म्हणूनच केवळ चुकीचे नाही, ते उलटे आहे. या प्रकरणात मुंबईची जनता कुठे दिसत असेल तर ती या प्रकाराविरुद्ध माधवबागेत भरलेल्या निषेधसभेत दिसते, मतपेटीपाशी नाही. गिरगावातल्या कारकुनाला, मांडवीतल्या हमालाला, परळच्या गिरणीतल्या साचेवाल्याला त्या सोळा जागांबाबत मत देण्याचा अधिकारच नव्हता. ज्याला मत नव्हते त्याच्या नावावर एक पराभव लिहायचा आणि वर त्यातून ‘प्रत्येक मताची किंमत ओळखा’ असा उपदेश करायचा, हे मला संतापजनक वाटते.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य केले पाहिजे. मेहतांचे महापालिकेतील वजन खरोखरच एकहाती होते, आणि त्याला कंटाळलेले काही भारतीय सभासदही होते. कॉकसच्या यादीत भारतीय नावे होती, ती सगळी दबावाखालीच आली असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका माणसाने वर्षानुवर्षे सभागृह आपल्या शब्दावर चालवावे का, हा प्रश्न रास्त होता. पण तो सोडवण्यासाठी अकाउंटंट जनरल आणि पोलीस कमिशनर यांनी गट बांधावा, हे त्याचे उत्तर असू शकत नाही.

टिळकांच्या अनुयायांचा मुद्दा फार वेळ देण्याच्या योग्यतेचा नाही. काँग्रेसमधली मवाळ-जहालांची सुरतेची फूट १९०७ च्या डिसेंबरमधली आणि जस्टिसांची निवडणूक त्याच वर्षाच्या सुरुवातीची. कोणीतरी दोन्ही घटनांचे साल एक पाहून त्यांची सांगड घातली आहे. सरकारनियुक्त जस्टिसांच्या मतदारसंघात जहालांचे बळ कुठून येणार होते, एवढा विचार केला असता तरी हे वाक्य गाळले गेले असते.

आता शेवटचे विधान, ज्याच्यासाठी मी मुख्यतः हे लिहीत आहे. ‘फक्त सुशिक्षित करदाते मत देत तेव्हा शहर चांगले होते’ हे वाक्य आज सुखवस्तू सोसायट्यांमध्ये सहज माना डोलावून ऐकले जाते आणि तेच मला सर्वांत घातक वाटते. निवडक, प्रतिष्ठित आणि शिकलेल्या मतदारांचा शुद्ध नमुना हवा असेल तर तो जस्टिसांचाच मतदारसंघ होता. आणि त्याच मतदारसंघाने, वरच्या अधिकाऱ्यांनी यादी हाती देताच, शहराच्या कारभाराची सर्वाधिक जाण असलेल्या माणसाला बाहेर ठेवले. प्रतिष्ठा आणि शिक्षण यांमुळे मतदार स्वतंत्र होतो, या समजुतीला याहून स्पष्ट उत्तर मुंबईच्या इतिहासात तरी मला माहीत नाही.

‘करदाते’ या शब्दाच्या आड तर दुसराच अन्याय लपवला जातो. शहरात येणाऱ्या धान्यावर, तुपावर, लाकडावर जकात बसे आणि ती शेवटी रोजची बाजरी विकत घेणाऱ्या मजुराच्या खिशातून जाई. घरमालकाच्या नावावर भरलेला घरपट्टीचा रुपया चाळीतल्या भाडेकरूच्या भाड्यातून येई. कर सगळेच भरत होते. मत मात्र १८७२ च्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान ५० रुपये ठरावीक कर स्वतःच्या नावाने भरणाऱ्यालाच होते. १८७२ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४४ हजार होती. त्यांपैकी ही अट पुरी करणारे किती थोडे असतील, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

आणि त्या काळचे शहर खरोखर चांगले होते का? १८९६ साली मांडवीत प्लेग आला तेव्हा गटारे, हवा आणि उजेड नसलेल्या दाट वस्त्यांची अवस्था जगापुढे उघडी पडली. १८९८ मध्ये अशा वस्त्या सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नागपाड्यासारख्या वस्त्या पाडल्या गेल्या, आणि सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या कमी पडल्या. ट्रस्ट महापालिकेपासून वेगळा होता, ही गोष्ट खरी. पण ज्यांच्या खोल्या गेल्या त्यांना ट्रस्टमध्येही आवाज नव्हता आणि महापालिकेतही मत नव्हते, म्हणून त्यांचे म्हणणे कोणत्याच सभागृहाला ऐकावे लागले नाही. ‘आदर्श महापालिका’ म्हणताना या माणसांची आठवण ठेवायला हवी.

जस्टिसांचा मतदारसंघ १९२२ च्या दुरुस्ती कायद्याने संपला. सभासद १०६ झाले, त्यांतले ७६ वॉर्डांतून, आणि महिना दहा रुपये भाडे देणाऱ्या भाडेकरूला मत मिळाले. तरीही बहुतेक गिरणी कामगार बाहेरच राहिले, कारण त्यांच्या खोलीचे भाडे त्याहून कमी असे. प्रौढ मताधिकाराने महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. त्यानंतर दहा वर्षांत, १९५८ मध्ये, गिरणी कामगार युनियनच्या संस्थापकांपैकी एक आणि कम्युनिस्ट पुढाऱ्यांवरील मीरत खटल्यातील आरोपी एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले. पन्नास रुपयांच्या अटीखाली किंवा जस्टिसांच्या यादीतून हे कधीच घडले नसते. संदेश ज्याला ‘वाट लागली’ म्हणतो ते हेच असेल, तर त्या शहराची बाजू घ्यायला मी केव्हाही तयार आहे.

१८७२ पासून सर्वांना मत होते या पहिल्या विधानाचा निकाल वर आपोआप लागला आहे. राहता राहिले मेहतांचे कायमचे बाजूला होणे. १८८४, १८८५ आणि १९०५ मध्ये महापालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले मेहता १९०७ च्या त्या प्रकारानंतर चार वर्षांनी, १९११ मध्ये, पुन्हा त्याच खुर्चीवर बसले होते, आणि १९१५ साली मृत्यू येईपर्यंत मुंबईच्या सार्वजनिक जीवनातले त्यांचे स्थान कोणी हिरावून घेऊ शकले नाही.