ऐरण वाजते म्हणून चांगली ठरत नाही

घरच्या घरी लोहारकाम शिकणाऱ्यांमध्ये गेले काही महिने एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: चांगली ऐरण घंटेसारखी खणखणली पाहिजे, तिला चुंबक, साखळी किंवा चिकट पदार्थ लावून गप्प केले तर घावाची ताकद वाया जाते, म्हणून ती ओंडक्यावर नुसती ठेवावी आणि सरकू नये इतपत चार खिळे वाकवून अडकवावी, आवाज फारच सोसेना तर खाली जाड रबर घालावे किंवा ऐरणीच्या कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागाला, साखळी गुंडाळावी, जुन्या लोहारांनी ऐरणीच्या आवाजाची कधी पर्वा केली नाही, आणि कानाला तर सवय होतेच. यातले एखादे वाक्य अर्धे खरे आहे, बाकीची चुकीची आहेत आणि शेवटचे धोक्याचे आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी नऊ वर्षे हे काम करतो आहे. नव्याने हातोडा हाती घेणारी मुले हा मजकूर प्रमाण मानून ऐरण मांडू लागली आहेत, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला गरजेचे वाटते.

पहिला मुद्दा खणखणीचा. यात अर्धे सत्य आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. जुनी पोलादी ऐरण विकत घेताना लहान हातोडीने तिच्या माथ्यावर टोकापासून टोकापर्यंत हलकेच ठोकत जावे, आणि एखाद्या जागी आवाज एकाएकी बद्द झाला तर तेथे तडा असण्याची किंवा माथ्याची पोलादी पट्टी खालच्या अंगापासून सुटली असण्याची शंका घ्यावी, हे योग्यच आहे. मात्र येथे आपण एकाच ऐरणीच्या दोन जागांची तुलना करत असतो. त्यावरून ‘जी जास्त वाजते ती जास्त चांगली’ असा नियम निघत नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ट्रेंटन येथे फिशर अँड नॉरिस या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात ज्या ऐरणी बनवल्या, त्यांचे अंग ओतीव लोखंडाचे होते आणि ओततानाच त्यावर पोलादी माथा जोडलेला असे. या ऐरणी जवळजवळ वाजतच नाहीत. तरीही त्या आजवर कामात आहेत, आणि त्यांचा शांतपणा हाच त्यांचा गुण म्हणून ओळखला जातो. ओतीव लोखंडाचे अंग कंपन स्वतःमध्येच जिरवते, तर घाव झेलतो तो वरचा पोलादी माथा. आवाज आणि कठीणपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

उलट बाजूचे उदाहरण तर आपल्याकडे भंगाराच्या प्रत्येक दुकानात मिळते: रुळाचा तुकडा. (तो पावतीसह आणि रीतसर विक्रीतलाच घ्यावा, रेल्वेचा माल बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.) रुळाचा हातभर तुकडा आडवा ठेवून त्यावर हातोडा मारा, देवळातली घंटा मागे पडेल असा तो वाजतो. पण त्याच्या डोक्याखाली जेमतेम १६ मिलिमीटर जाडीची उभी पट्टी असते, दोन्ही बाजूंच्या कडा अधांतरी असतात, आणि घाव बसला की सगळा तुकडा थरथरतो. तोच तुकडा उभा करून खालचा भाग वाळूने भरलेल्या पेटीत घट्ट ठोसून बसवला तर काम लगेच सुधारते, कारण आता हातोड्याच्या थेट खाली सगळे वजन येते: मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाचा ६० सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे ३६ किलो. माथा मात्र लहान मिळतो, जेमतेम तळहाताएवढा. आवाज या मांडणीत पुष्कळ उतरलेला असतो, आणि ऐरण म्हणून तुकडा आधीपेक्षा कितीतरी सरस ठरलेला असतो.

मग ऐरण पारखायची कशी? उसळीवरून. साधारण २५ मिलिमीटर व्यासाची बेअरिंगची पोलादी गोळी २५ सेंटीमीटर उंचीवरून माथ्यावर सोडावी आणि शेजारी उभी पट्टी धरून ती किती वर येते ते पाहावे. चांगल्या पोलादी माथ्यावर ती १८ ते २० सेंटीमीटर किंवा त्याहून वर येते. नुसत्या ओतीव लोखंडाच्या नगावर ती निम्म्यावरही पोहोचत नाही, तेथेच मेल्यासारखी पडते. ही परीक्षा आठ-दहा जागी करावी, कारण आगीत सापडलेल्या ऐरणीचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरलेले असते आणि ते आवाजावरून नेहमी कळतेच असे नाही.

दुसरा मुद्दा सर्वांत जास्त पटवला जातो: ऐरण गप्प केली की घाव तिच्यातच जिरतो. हे तपासायला थोडा हिशेब करावा लागेल. १ किलोचा हातोडा सेकंदाला ८ मीटर वेगाने उतरला तर त्यात ३२ ज्यूल ऊर्जा असते. तापलेले लोखंड मऊ असल्याने घाव जवळजवळ पूर्ण तेथेच बसतो, आणि ५० किलोच्या ऐरणीला ढकलण्यात ढोबळमानाने एकावन्नावा भाग, म्हणजे सुमारे २ टक्के ऊर्जा जाते. ऐरण २० किलोची असेल तर हा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास येतो. त्यामुळे घाव वाया जाण्याची चिंता असेल तर ऐरणीचे वजन पाहावे आणि ती खालच्या ओंडक्याशी एकजीव बसवावी, म्हणजे ओंडक्याचे वजनही तिच्या मदतीला येते. राहिला आवाज. १ मीटर अंतरावर १०० डेसिबल भरणारा आवाज सर्व दिशांना मिळून सेकंदाला जेमतेम अष्टमांश ज्यूल ऊर्जा बाहेर टाकतो. ऐरणीच्या अंगात फिरणारे कंपन याहून मोठे असते हे खरे, पण ते घावाचे उरलेसुरले आहे. हातोडा आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतात तो काळ सेकंदाच्या हजारांश भागांत मोजण्याइतका लहान असतो. लोखंडाला जो आकार यायचा तो तेवढ्यात आलेला असतो. त्यानंतर दोन-तीन सेकंद रेंगाळणारा नाद चुंबकाने खाल्ला काय आणि हवेत विरला काय, घडणाऱ्या कोयत्याला त्याचे काही सोयरसुतक नसते.

शिवाय काम करताना नीट कान दिला तर लक्षात येते की लालबुंद लोखंडावर पडलेल्या घावाचा आवाज ‘धप्’ असा असतो. मऊ लोखंड घाव थोडा लांबवते, त्यामुळे ऐरणीतली उंच सुराची कंपने फारशी जागीच होत नाहीत. कानठळ्या बसतात त्या दोन घावांच्या मध्ये रिकाम्या माथ्यावर ताल धरण्यासाठी केलेल्या ठोक्यांनी, लोखंड थंड पडल्यावरही मारलेल्या घावांनी आणि चुकलेल्या घावांनी. खणखणाट म्हणजे कामाची साक्ष, असे मानणाऱ्यांनी हे एकदा स्वतः ऐकून पाहावे.

तिसरा मुद्दा मांडणीचा आहे आणि त्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण आवाजाचे निम्मे दुखणे येथेच बरे होते. चार खिळे वाकवून अडकवलेली ऐरण दोन दिवसांत सैल होते, प्रत्येक घावाला केसभर उचलली जाते आणि परत ओंडक्यावर आपटते. तो खडखडाट खणखणाटात मिसळतो आणि शेतकऱ्याच्या विळ्याला सरळ धार काढणेही अवघड होते. माझ्या शेडमध्ये बाभळीचा ओंडका आहे, लाकडाच्या रेषा उभ्या राहतील असा, जवळजवळ दोन फूट जमिनीत पुरलेला. बाभूळ नसेल तर चिंचेचे लाकूडही चांगले. ओंडका उन्हाळ्यात तडकू नये म्हणून त्याला बैलगाडीच्या चाकाला चढवतात तशी लोखंडी धाव चढवली आहे: शेणीच्या जाळात धाव तापवून फुगवायची, दोन सांडशांनी उचलून ओंडक्यावर उतरवायची आणि लगेच पाणी ओतायचे, म्हणजे ती आकसून लाकूड आवळते. पाणी पडल्याबरोबर ओंडक्यातून जो कडकड आवाज येतो, तो जुनी फट मिटल्याचा असतो.

उंचीचा नियम सोपा आहे. उभे राहून एकट्याने काम करायचे असेल तर हात सैल सोडून मूठ वळावी आणि मुठीची हाडे जेथे येतील तेथे माथा असावा. समोर घण मारणारा साथीदार असेल तर चार बोटे खाली.

वरचा भाग रंधा मारून सपाट केल्यावर ऐरण ठेवून पाहावी. ती जराही डगमगत असेल तर कितीही आवळली तरी वाजणारच. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये सिलिकॉन सीलंटचा थर पसरून त्यात ऐरण बसवली की बारीक पोकळ्याही भरतात आणि तळ सगळीकडून टेकतो. सीलंटची नळी ‘न्यूट्रल’ प्रकारची घ्यावी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सीलंट सुकताना आम्ल सोडते आणि तळाला गंज धरतो. एक पूर्ण दिवस तसेच राहू द्यावे, मग ऐरणीच्या पायांवर जाड पट्ट्या टाकून त्या लांब कोच स्क्रूने लाकडात आवळाव्यात. एवढे केले तेव्हा माझ्या ऐरणीचा नाद लांबलचक ‘टणण्ण’ होता तो तोकडा ‘टक्’ झाला, आणि चुंबक तर अजून लावलेलाही नव्हता.

जाड मऊ रबराचा सल्ला नेमका उलटा आहे. बोटभर जाडीच्या रबरावर ऐरण उसळते. आवाज काहीसा कमी होतो, पण ज्या घावाच्या नावाने एवढा आग्रह धरला गेला तो मात्र खरोखर वाया जाऊ लागतो. रबरच हवे असेल तर कन्व्हेअर पट्ट्याचा तीन ते पाच मिलिमीटरचा कडक तुकडा चालतो. शिशाचा पत्राही चालतो, पण तो हाताळल्यावर हात धुवावेत.

साखळीबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण त्यासाठी प्रयोग आपल्या हातात आहे. ऐरणीच्या माथ्यावर हलका ठोका मारून लगेच मागच्या अधांतरी भागाखाली बोट लावा. बोटाला मुंग्या आल्यासारखी थरथर जाणवते. आता तेच कमरेला करून पाहा. तेथे जवळजवळ काहीच हलत नाही. चोच आणि शेपटी या दोन बाहेर आलेल्या टोकांमध्ये कंपन सर्वांत जास्त असते आणि मधली कंबर सर्वांत स्थिर, म्हणून कमरेला सैल गुंडाळलेली साखळी नाद फारसा पकडू शकत नाही, वर स्वतः खुळखुळते ते वेगळेच. साखळीने पाय खाली ताणून आवळले तर फायदा होतो, पण तो आवळण्याचा फायदा आहे. जुन्या स्पीकरमधला जाड चुंबक शेपटीच्या खालच्या अंगाला चिकटवला तर तो बरोबर थरथरत्या जागी बसतो आणि त्याच्या-ऐरणीच्या घासण्यात कंपन जिरून जाते. चुंबकाला लोखंडाचा कीस आणि खपल्या चिकटतात, त्या आठवड्याने पुसाव्यात.

चौथा मुद्दा परंपरेचा. जुन्या लोहारांना आवाजाची पर्वा नव्हती असे म्हणणाऱ्याने त्यांची ऐरण नीट पाहिलेली नाही. बाजाराच्या गावी पाल ठोकून बसणाऱ्या घिसाडी कुटुंबांकडे मी ज्या ऐरणी पाहिल्या, त्या चौकोनी माथ्याच्या, चोच-शेपटी नसलेल्या, जमिनीत पुरलेल्या ओंडक्यात खोल ठोकून बसवलेल्या होत्या. माणूस बसून सांडशीत लोखंड धरतो, समोर त्याची कारभारीण दोन्ही हातांनी घण चालवते, आणि ऐरणीतून नाद असा निघतच नाही. जमीनच तो गिळते. ज्या ऐरणीचा खणखणाट आज ‘अस्सल’ म्हणून मिरवला जातो, ती लांब चोचीची ऐरण इंग्लंडच्या घडणीची आहे, आणि तिचा नाद तिच्या त्या अधांतरी टोकांमुळे आहे. तेव्हा परंपरेचाच दाखला द्यायचा तर तो ऐरण पक्की गाडून बसवण्याच्या बाजूने जातो.

राहिले ते वाक्य: कानाला सवय होते. कानाला सवय होत नाही. आतल्या कानातल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. धातूवर ठोकणाऱ्यांचे बहिरेपण ही नवी माहितीही नाही. व्हेनिसचे तांबट आयुष्यभराच्या ठोकण्याने बहिरे होतात, हे इटलीतल्या रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या सुरक्षिततेचा आणि आरोग्याचा अभ्यास करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांची मर्यादा सांगते आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी करते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होते, म्हणून सुरुवातीला काही कळतच नाही: बोलणे ऐकू येते, पण स, श, त यांसारखी व्यंजने निसटू लागतात. मला सांडशी धरायला शिकवणारे काका तरुणपणापासून एका कारखान्यात घणाजवळ उभे होते. ‘सात’ म्हटले तर ते ‘आठ?’ असे विचारत, आणि नातवंडे त्यांच्याशी बोलायचे टाळू लागली आहेत हे त्यांना आमच्याआधी कळले होते. त्याला मी सवय म्हणू शकत नाही.

शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ऐरण कितीही गप्प केली तरी रात्रीचे ठोकणे वस्तीत चालणार नाही, आणि दिवसाही शेडची उघडी बाजू कोणाच्या खिडकीकडे नसावी.

ऐरण शांत केली म्हणजे कान झाकायची गरज संपली असे मात्र कोणी समजू नये. घावाचा पहिला तडाखा राहतोच, आणि चुकलेल्या घावाचा तर पूर्ण राहतो. मी कानावरची कवचे हातोड्याच्या दांड्यातच अडकवून ठेवतो, म्हणजे ती काढून हातात घेतल्याशिवाय हातोडा उचलताच येत नाही.